दीड युनिट रोज

—नाही भिया, तो नाही. तो फ्यूज सोडून द्या. ग्रंथालयाचा काढलात, काढा. वसतिगृहाचा काढलात, ठीक आहे. ऑफिसचा काढलात तर बडे बाबू बोंबलतील, पण छुट्टीत तिथं काम कोण करतंय, पंख्याखाली बसून पेपरच वाचतायत — येऊ द्या जरा घाम. पण तो कोपऱ्यातला, जुन्या ब्लॉकचा, त्याला हात नाही लावायचा. का म्हणजे? जुना आहे म्हणून. चिनीमाती तडकलीय. काढला तर परत बसेल न बसेल, आणि असा फ्यूज आता धारच्या बाजारात मिळत नाही — आणि खरं सांगू का, मी सांगतोय म्हणून. पंचवीस वर्षं ही मीटरखोली माझ्या ताब्यात आहे, तेवढं तर चालतं ना माझं? बसा. त्या स्टुलावर बसा, त्याचा चौथा पाय आखूड आहे, भिंतीला टेका. पाणी घ्या. इंदूरहून बसनं आलात, मे महिन्यात, ते पण डोक्याला काही न बांधता. आमच्या माळव्याची लू, ही भाजणारी झळ, कुणाला सोडत नाही, विश्वविद्यालयाचा कागद असला तरी.

तर कागद. दाखवा बघू. किती दिवे, किती पंखे, किती वॅटचे, रोज किती तास — गुणाकार करायचा, बेरीज मारायची, मीटरशी ताडून बघायचं, आणि मग शेवटच्या रकान्यात पुढच्या वर्षी कुठल्या इमारतीत किती बिजली लागेल त्याचा अंदाज. बरोबर? वा. यासाठी तुम्हाला दोन वर्षं शिकवलं? अहो हसत नाही मी — म्हणजे हसतोय, पण तुमच्यावर नाही. हे मी बासष्ट सालापासून करतोय, कागदाशिवाय. तो दरवाजा बघा. आतल्या बाजूला. ते खडूचे आकडे दिसतायत ना? दर महिन्याच्या एक तारखेला मी प्रत्येक इमारतीचा आडाखा तिथं मांडून ठेवतो, आणि महिनाअखेर शेजारी मीटरचा खरा आकडा. स्टाफमधले लोक बघायला यायचे. कचोरीच्या पैजा लागायच्या. दहा युनिटच्या आत नाही आला तर कचोरी माझ्याकडून — आणि विचारा कुणालाही, मी किती वेळा खिलवली ते. कारण अंदाज मीटरचा नसतो हो, माणसांचा असतो. भूगोलाच्या सरांना मधुमेह झाला, त्यांचे संध्याकाळचे वर्ग बंद झाले — वीस युनिट कमी. वसतिगृहात नवीन मेट्रन आल्या, त्या दहाला दिवे मालवायला लावतात — चाळीस कमी. मग मुली चोरून शेगडीवर चहा करतात — साठ जास्त. हे तुमच्या कुठल्या रकान्यात लिहिणार?

नाव काय म्हणालात — अरविंद? देवासचे? मग मराठीच की. कारखान्यात आहेत वडील? सत्तर-बहात्तरला आली असणार तुमची मंडळी, पुण्याकडून, नाशकाकडून, सगळी तेव्हाच आली. आम्ही धारच्या पवार सरदारांबरोबर आलेलो, आमचं मराठी तुम्हाला पोथीसारखं वाटत असेल. वाचायला अडतं? म्हणूनच रजिस्टरातला माझा शेरा असा डोळ्याजवळ धरून बघत होतात. अक्षर तेच, पण भाषा अडते, नाही का? आमच्या नातवाचंही तेच आहे, सगळी शाळा हिंदीत. बरं झालं म्हणा. म्हणजे — काही नाही. आण इकडे ते रजिस्टर. आणा, म्हणतोय मी.

हं. काय विचारत होतात? जुन्या ब्लॉकचं. जुना ब्लॉक बंद आहे, भौतिकी नवीन इमारतीत जाऊन पाच वर्षं झाली, बारा महिने कुलूप, तुमच्या कागदावर दिवे शून्य, पंखे शून्य — आणि मीटर रोज दीड युनिट खातं. फक्त मे आणि जूनमध्ये. पाणी पडलं की बंद. आणि हे एकोणऐंशी सालापासून, दर वर्षी. तुम्ही पोरं हुशार आहात, मान्य. पण गळती असेल हो. जुनी वायरिंग, लाकडी पट्टी, कापडी वेष्टण — उन्हानं तडकतं, भिंतीत करंट उतरतो. लिहा: गळती. झालं.

काय? गळती असती तर पावसात वाढली असती, थांबली नसती? — हे बाकी खरं आहे. शिकवलंय तुम्हाला. आणि मग तुम्ही लिहिणार काय, तर ‘बंद इमारत, अकारण वापर, कनेक्शन तोडावे.’ मला माहीत आहे, तुमच्या सायबानं फोनवर प्राचार्यांना तेच सांगितलं. तेच नकोय मला, भिया. बाकी काय लिहायचं ते लिहा, माझे आडाखे खोटे म्हणा, पण जुन्या ब्लॉकच्या समोर पुढच्या वर्षीचा अंदाज लिहा — मे, जून, दीड युनिट रोज. आवश्यक. तुमच्या सहीनं. कारण मी जुलैमध्ये रिटायर होतोय. माझ्यानंतर जो येईल तो तुमचा कागद बघणार, माझा खडू नाही. कागदावर नसेल तर तो पहिल्या दिवशी हा फ्यूज उपसून फेकेल. मीही तेच केलं असतं. मी तेच —

बरं, घड्याळ काढलंत. काढा. हातच्या कांकणाला आरसा कशाला. ती चकती बघा, तिच्यावर काळी खूण आहे, ती समोर आली की मोजायला लागा. सहाशे फेऱ्यांचा एक युनिट. शेगडी असेल तर सहा सेकंदांत एक फेरा, अशी पळते. बल्ब असेल तर रांगते. आणि ही — मोजा, मोजा — शंभर सेकंदांत एक. ना कमी ना जास्त. साठ वॅट. सांगा बरं साठ वॅटचं काय असतं, जे रात्रंदिवस एकाच चालीनं चालतं? हो. टेबल पंखा. ही मोजायची विद्या मला कृष्णाजींनी दिली. कृष्णाजी म्हणजे आमच्या भौतिकीच्या प्रयोगशाळेचे सहायक, सगळे मास्तर म्हणायचे त्यांना, प्रोफेसर बदलत गेले पण प्रयोगशाळा त्यांचीच. मी आलो तेव्हा मला मीटर नुसतं वाचता यायचं. त्यांनी या इथं, याच स्टुलावर बसवून नाडी बघायला शिकवावं तसं शिकवलं — यशवंता, आकडा नको बघूस, चकतीची चाल बघ, चालीवरून आत कोण आहे ते कळतं. आणि कळायचं हो! बाहेर उभं राहून मी सांगायचो, आत सोल्डरिंग चाललंय, आता कुणी दिवा लावला, आता मालवला.

पंखा मीच लावतो. झालं? दर एक मेला जातो, कुलूप काढतो, लावून येतो. कुणासाठी म्हणजे? कुणासाठी नाही. खोली रिकामी आहे. तुम्ही बघितलंत ना सकाळी बाहेरून, ती मागची, खिडक्यांना काळा कागद डकवलेली — अंधारखोली, प्रकाशाचे प्रयोग व्हायचे तिथं. हवा यायला वाव नाही. मेमध्ये त्या खोलीत भाकरी भाजून निघेल. म्हणून पंखा. आता हे काही लिहिण्यासारखं कारण नाही, मला कळतं, म्हणून तर म्हटलं कारणाचा रकाना कोरा सोडा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ते तीन दिवस? कुठले तीन दिवस? — हं. एकोणऐंशीचा मे. तेवढं पण बघितलंत. दोन तारखेपासून रोज दीड, दीड, दीड, मग चौदा ते सोळा शून्य, आणि सतरापासून परत दीड. आणि शेजारी माझा शेरा. तो तुम्हाला लागला नाही म्हणता. ‘आडाखा बरोबर आला.’ एवढंच लिहिलंय. बाकी काही नाही त्यात.

सांगतो. नाहीतर तुम्ही सायबाला विचाराल, सायेब प्राचार्यांना, आणि गोष्ट कुठच्या कुठं जाईल. त्या साली बिजलीची फार तंगी होती, शहरात आठ-आठ तास कटौती, कॉलेजची लाइन तेवढी त्यातून सुटलेली. तेव्हाचे प्राचार्य नवीन होते, त्यांनी फर्मान काढलं, छुट्टीत प्रत्येक इमारतीचा आडाखा यशवंतराव देतील, आणि जिथं चुकेल तिथं तपास होईल. माझं नाव भर सभेत घेतलं, भिया. माझं! वायरमन माणूस मी. मी दरवाजावर मांडलं — जुना ब्लॉक, मे, शून्य. दोन तारखेला बघतो तर चकती फिरतेय. शंभर सेकंदांत एक फेरा. सकाळी साडेपाचला पाव तास एक दिवा जास्त. दुपारी जेवणाच्या वेळेला परत दिवा. गळती काय जेवायला बसते?

हो, कळलं होतं. म्हणजे आत कुणीतरी राहतंय एवढं कळलं होतं. कोण ते — कृष्णाजी मार्चमध्ये रिटायर झाले होते. मुलगा तुमच्या देवासला कारखान्यात, एका खोलीचं क्वार्टर, सून तापट. मास्तरांनी इथं सगळ्यांना सांगितलं मुलाकडं जातो, आणि मुलाला लिहिलं की जिल्ह्यातल्या राजगडला बहिणीकडं राहतोय, मोहनखेड्याच्या जवळ, हवा चांगली आहे. आणि राहत होते कुठं, तर अंधारखोलीत. चाळीस वर्षांची एक किल्ली राहिली होती त्यांच्याकडं, कुणी परत मागितली नव्हती. हे सगळं मला नंतर कळलं. नंतरच. मुलाकडून, तेराव्याला.

तुम्ही असे बघू नका. मी वाईट माणूस नाही. निरोपसमारंभात मास्तर काय बोलले ते ऐका आधी. मी हार घालायला गेलो, पाया पडलो, आणि ते सगळ्यांसमोर हसत हसत म्हणाले — या यशवंताचा आडाखा म्हणजे निम्मी माझी विद्या आणि निम्मी त्याची फुशारकी. लोक पोट धरधरून हसले. गंमतच केली त्यांनी, मला कळतं. पण तो शब्द दीड महिना माझ्या घशात अडकून बसला होता. सुभद्रा, माझी बायको, म्हणायची, अहो म्हातारं माणूस, उचलली जीभ लावली टाळ्याला, सोडून द्या. नाही सोडलं मी. आणि मग ही चकती. माझं शून्य खोटं पाडत फिरतेय रोज. तपास झाला असता तर त्यांना बाहेर काढलं असतं, म्हणजे एका परीनं त्यांना मी वाचवतच — नाही. खोटं कशाला बोलू. मला एवढंच वाटत होतं की त्यांनी माझ्याकडं यावं. या खोलीच्या दारात उभं राहावं आणि म्हणावं, यशवंता, मी आहे रे आत, तेवढं चालू दे. एकदा मागावं. मी काय नाही म्हटलं असतं? शून्य पुसून दीड लिहिलं असतं मी खडूनं, प्राचार्यांना तोंड दिलं असतं. पण मागायला हवं ना माणसानं! मी बारा दिवस वाट बघितली. मागल्या नळावर त्यांचं धोतर वाळत घातलेलं मी बघून न बघितल्यासारखं केलं. आणि चौदा तारखेला, सोमवार, सकाळी दहाला, हा फ्यूज काढला. हाच. तेव्हा तडकला, हातातून निसटून. म्हटलं आता येतील, घामाघूम होतील आणि येतील.

मग? मग मी गेलो. पीपलरावां गावाला. सुभद्राच्या भाचीचं लग्न होतं. असं ठरवून नाही, लग्न आधीपासून ठरलेलं होतं, बस अकराची होती. फ्यूज खिशात. सदऱ्याच्या या खिशात. हळदीला खिशात, पंगतीत खिशात, वाढायला वाकलो की हा असा बरगडीला लागायचा. विहीण म्हणाली, खिशात काय आहे हो एवढं जड? मी म्हटलं, सरकारी चीज आहे. सगळे हसले. मीही हसलो. माणूस किती हसू शकतो बघा. मला दर वेळेला वाटायचं, आता मास्तर घरी येऊन गेले असतील, शेजारी निरोप ठेवला असेल. मी परत गेलो की मोठ्या मनानं फ्यूज लावेन. काय काय बोलायचं ते पण ठरवून ठेवलं होतं मी, येताना बसमध्ये दोनदा म्हणून बघितलं.

सतराला सकाळी आलो. आधी इथं आलो, घरी नाही. मीटर बघितलं, चकती जिथं सोडली होती तिथंच. रजिस्टर काढलं आणि तीन दिवसांची तीन शून्यं लिहिली, आणि शेरा. हो, तो शेरा. आधी शेरा लिहिला, भिया, मग गेलो बघायला. आतून कडी होती. पोलादी पट्टी घालून उचकटली. मास्तर खाटेवर नव्हते, फरशीवर होते, पंख्याजवळ, पंख्याचं तोंड आपल्याकडं वळवलेलं. सुरई कोरडी. मग मी धावत इथं आलो आणि — आणि फ्यूज लावला. मग लोकांना हाका मारल्या. लोक आले तेव्हा पंखा फिरत होता. डॉक्टर म्हणाले लू लागली, वय झालं होतं, दम्याचा माणूस. बाया म्हणाल्या, पंखा चालू होता तरी गेला बिचारा, वेळ भरली की पंखा काय करणार. मी मान डोलवली. तेरा दिवस मी सगळं केलं त्यांच्यासाठी, मुलाला सुचत नव्हतं, लाकडं, राख, नर्मदेला घेऊन जाणं, सगळं मी. मुलगा माझ्या पाया पडला. सगळ्यांनी वाखाणलं, यशवंतरावासारखा शिष्य मिळायला नशीब लागतं म्हणाले.

तेव्हापासून लावतो. त्यानं काय होतं? काही होत नाही. पंखा फिरतो. पण तो बंद असला की मला इथं बसवत नाही. ऐंशी साली एकदा लावला नव्हता, एक तारखेला, म्हटलं पुरे झालं आता. तर ही चकती स्थिर, आणि मी समोर बसलोय, आणि माझी नजर हलेना तिच्यावरून. मला वाटायचं ती थांबलेली नाही, माझ्याकडं बघतेय. दोन दिवस जेवण गेलं नाही. सुभद्रा म्हणाली वैद्याला दाखवा. तिला काय सांगू? सात वर्षं झाली, तिला माहीत नाही. कुणालाच नाही. तुम्हाला का सांगितलं देव जाणे — तुम्ही देवासचे म्हणून, की तुम्हाला शेरा वाचता आला नाही म्हणून.

म्हणून म्हणतो लिहा. अंदाज, मे-जून, दीड युनिट रोज. आवश्यक. तो पेन हातात का धरून बसलात नुसता? मी काही फार मागत नाही. साठ वॅट. तुमच्या सगळ्या विश्वविद्यालयाच्या हिशेबात साठ वॅट म्हणजे —

काय म्हणालात? परत बोला.

आवाज. नाही. आवाज येणं शक्य नाही, अंधारखोली पार तिकडं टोकाला आहे, मध्ये — ही भिंत? हो, ही भिंत जुन्या ब्लॉकचीच. पलीकडं अंधारखोली आहे हे तुम्ही नकाशावरून काढलंत? एकच वीट आहे मध्ये, बरोबर. आत्ता येतोय ना पंख्याचा आवाज, तसा तेव्हाही यायचा. मग तुम्हाला विचारायचंय काय, सरळ विचारा ना. त्यांनी काही आवाज दिला का. नाही. नाही दिला. दिला असता तर मी तिथल्या तिथं लावला नसता का? मघापासून तेच सांगतोय, मागायला हवं होतं त्यांनी, एकदा हाक मारायला हवी होती —

मी फ्यूज काढला. पंखा लगेच थांबत नाही. घरघरत घरघरत थांबतो. मग एकदम सगळं शांत झालं, आणि मी इथं उभा, हातात हा, आणि भिंतीच्या पलीकडून मास्तर म्हणाले — रागानं नाही हो, अगदी रोजच्या आवाजात, प्रयोगशाळेतून विचारायचे तसं — ‘यशवंता, आहेस का रे? बिजली गेली बघ.’

मी ओ दिली नाही.

दोनदा म्हणाले. मी श्वास धरून उभा राहिलो. आणि मग चपला हातात घेऊन, पाय न वाजवता, बाहेर गेलो.

उठा. कागद गोळा करा तुमचे. अडीचची बस आहे इंदूरची, ती गेली तर पाचपर्यंत नाही. लिहायचं ते लिहा, तोडायचं तर तोडा, मी कोण सांगणार. जाताना दार ओढून घ्या. आणि ऑफिसचा फ्यूज लावून जा, बडे बाबू हाका मारतायत मघापासून.